डाग दिलाय, डाग दिलेत

गेल्या महिन्यात एका ओळीने मला हैराण केलं. ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयाला भिंतीवरच्या सूचना इटालियनमध्ये करून हव्या होत्या. गुडघे बदलायला आणि दात बसवायला हल्ली परदेशातून माणसं येतात म्हणे. भाषांतराची कामं वाटणारी एक संस्था आहे, तिथल्या मुलीने ते पान मला पाठवलं. लघवीच्या नमुन्यापासून पार्किंगपर्यंत सगळ्या सूचना मी जेवणाआधी उरकल्या. एक राहिली. रुग्णांनी आपले व्हॅल्युएबल्स दाखल होण्यापूर्वी नातेवाइकांकडे द्यावेत. हरवल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही.

मला इटालियन कसं येतं, असं डोंबिवलीत बरेच जण विचारतात. माजिवड्याच्या पुढे एक कारखाना होता, तिथे मी नोकरीला होतो. यंत्रं इटलीहून यायची, त्यांच्याबरोबर जाडजूड माहितीपुस्तकं यायची आणि ती वाचणारं कोणी नव्हतं, म्हणून कंपनीने मला भाषा शिकायला पाठवलं. यंत्रं भंगारात गेली, कारखान्याच्या जागी टॉवर उभे राहिले, भाषा तेवढी माझ्याकडे राहिली.

तर व्हॅल्युएबल्स. इंग्रजी कोश सांगतो, लहान, जवळ बाळगता येण्याजोग्या किमतीच्या वस्तू, विशेषतः दागिने. आणि पुढे बारीक अक्षरात, बहुधा अनेकवचनी. इटालियनमध्ये याला सरळ शब्द आहे, ओजेत्ती दी वालोरे, म्हणजे मोल असलेल्या वस्तू. दुसरा आहे प्रेत्सिओझी, पण तो सोनाराच्या दुकानात शोभतो, त्यात हिरे-माणकं आली, घड्याळ यायचं तर जरा दाटीवाटीने येतं. तिसरा वालोरी. त्यात रोकड येते, रोखे येतात, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे नीतिमूल्यं. रुग्णांनी आपली मूल्यं नातेवाइकांकडे द्यावीत, असं वाचून एखादा इटालियन म्हातारा स्ट्रेचरवर हसेल. चौथा शब्द कोशात या ठिकाणी नाही, पण माणसं बोलतात, कोझे कारे. कारो म्हणजे महाग, आणि कारो म्हणजेच लाडका. पत्राच्या सुरुवातीला लिहितात तो. ज्या गोष्टींवर जीव आहे त्या.

यातला पहिला शब्द लिहून मी मोकळा व्हायला हवं होतं. मी तो लिहिला, खोडला, परत लिहिला. दूध आणायला गेलो तो पिशवी न घेता गेलो, ती घ्यायला परत आलो आणि मग दूधच विसरून टेबलाशी बसलो. गॅलरीत येरझाऱ्या घालताना समोरच्या इमारतीतल्या बाईने विचारलंही, "काका, बरं नाही का?" संस्थेतली मुलगी फोनवर म्हणाली, "सर, एका लाइनसाठी एवढे दिवस? मोबाइलवर टाकलं तर सेकंदात येतं."

"मग मोबाइलवर टाका."

"तसं नाही सर. तुम्ही सिनियर आहात. पण क्लायंट विचारतोय ना."

मी तिला उद्या देतो म्हणालो. खरं कारण तिला काय सांगणार? ती ओळ मी पूर्वी ऐकलेली होती. तेव्हाही एका शब्दाचं भाषांतर मी केलं होतं, मराठीतून मराठीत, आणि ते चुकलं होतं. त्या चुकीपायी माझ्या थोरल्या वहिनी आमच्या घराण्यात चोर ठरल्या. हे मी तोवर कुठे लिहिलेलं नव्हतं, बोललो नव्हतो. माझ्या बहिणीने वहिनींबद्दल ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांपर्यंत माझा आवाज काही पोचणार नाही. निदान कागदावर तरी खरं काय ते असू दे.

माझा थोरला भाऊ लवकर गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. आई आणि वहिनी कल्याणला एका जुन्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहत. वहिनी जवळच्या बालवाडीत शिकवायच्या. मी आणि माझी बायको डोंबिवलीत, आणि धाकटी बहीण ठाण्याला टेंभी नाक्याजवळ दिलेली. आईचं माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचं. इतकी वर्षं इकडे काढूनही तिची बोली तिकडचीच राहिली होती.

आईला शेवटच्या आजारात ठाण्याच्या एका रुग्णालयात नेलं. ते आता बंद पडलं. दाखल करताना नर्स म्हणाली, "आजी, व्हॅल्युएबल्स काय असतील ते काढून घरच्यांकडे द्या."

आई वहिनींकडे बघून म्हणाली, "काय काढू म्हणत्ये ही?"

"दागदागिने हो आई. किमती ऐवज."

आईच्या हातात पाटल्या नव्हत्या. हात सुजतात म्हणून काढून ठेवल्यात, असं ती बरेच दिवस सांगत होती. तिने चष्मा काढला, गळ्यातली तुळशीची माळ काढली, आणि मग तोंडातली कवळी काढून वहिनींच्या तळहातावर ठेवली. बोळक्या तोंडाने म्हणाली, "हा घे ऐवज. सांभाळ हो, चोरीस जाईल." नर्ससुद्धा हसली.

आई घरी परत आली नाही. ती शुद्धीत असताना शेवटचं माणूस जवळ होतं ते मी. संध्याकाळची वेळ, वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. आईने माझं मनगट धरलं. म्हणाली, "माझा डाग थोरलीकडं दिलाय. विसरू नका."

मी म्हणालो, "बरं आई." आणि पाणी हवंय का विचारलं. तिने मान हलवली, ती नको म्हणून की माझ्याकडे बघून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

मराठीत डाग म्हणजे काय काय, हे वाचणाऱ्याला सांगायला नको. कपड्यावर पडतो तो डाग. भांडं फुटलं तर झाळून लावतात तो डाग. चारित्र्याला लागतो तो. आणि आमच्याकडच्या बायकांच्या तोंडी सोन्याचा दागिना म्हणजेही डाग. अंगावर एखादा डाग घाल, असं आई माझ्या बायकोला सणाला म्हणायची. शिवाय हा शब्द असा आहे की एक असला तरी डाग आणि दहा असले तरी डागच. एक की अनेक, ते नुसत्या क्रियापदावरून कळतं. हे मी व्याकरण शिकवण्यासाठी लिहीत नाही.

आई गेली त्या दिवशी वहिनी कल्याणहून एक कापडी बोचकं घेऊन आल्या. त्यात आईचं जपून ठेवलेलं लुगडं होतं, तोंड झाळून बंद केलेला गंगेचा लहानसा गडू, चंदनाचा तुकडा. आईला तेच लुगडं नेसवलं. ते बोचकं कुठून आलं, कधी बांधलं, मी विचारलं नाही. बायकांना अशा गोष्टी माहीत असतात, एवढंच मला वाटलं.

दिवसकार्य आटोपल्यावर कल्याणच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. बहिणीने विषय काढला.

"आईच्या पाटल्या कुठायत?"

तेव्हा मी बोललो. घरात शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला वजन होतं, आणि आईचं शेवटचं बोलणं ऐकलेलाही मीच. मी म्हणालो, "आई मला म्हणाली होती. डाग वहिनींकडे दिलेत."

दिलाय नव्हे. दिलेत. त्या क्षणी मला ठाऊकही नव्हतं की मी काही बदललंय. पाटल्या दोन असतात, म्हणून तोंडातून दिलेत आलं.

बहीण वहिनींना म्हणाली, "मग काढ की वहिनी. आम्ही काय खाणार आहोत?"

"माझ्याकडे नाहीत."

"म्हणजे आई मरताना खोटं बोलली?"

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावोजी, आई नक्की काय म्हणाल्या?"

हा प्रश्न त्यांनी शांतपणे विचारला होता. मी थांबून आठवलं असतं तर बरं झालं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला माझ्याच वाक्यावर शंका घेतल्यासारखं वाटलं. मी तेच पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. "डाग वहिनींकडे दिलेत."

वहिनींनी कनवटीची किल्ली काढून बहिणीसमोर ठेवली. मला वाटलं, बहीण ती परत करेल. ती उठली आणि तिने खरंच कपाट उघडलं. घड्या विस्कटल्या, डबे उघडले. कागदी पुडीत आईची कवळी निघाली. ती बघून माझी बायको उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. ते रडू आहे, असं मी समजलो.

वहिनींनी ती जागा सोडली आणि दिवा स्टेशनजवळ एक खोली भाड्याने घेतली. तिथे भाडं कमी. पुढे आमच्याकडे कार्य असलं की त्यांना पत्रिका जायची, बोलावणं जात नसे. हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि वहिनी दोन्ही ओळखून होत्या. बहिणीच्या तोंडी एक वाक्य बसून गेलं होतं. कोणी वहिनींची चौकशी केली की म्हणायची, "त्यांचं काय, पाटल्या जपत बसल्यायत दिव्याला." लोक हसायचे. मीही तिथे असायचो.

आता त्यापुढचं, जे मला जास्त जड जातं.

माझी मुलगी शिकायला इटलीला गेली आणि तिथल्याच मुलाशी तिने इकडे येऊन लग्न केलं. आई तेव्हा होती. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली होती, बहिणीने तर उघडच. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मुलगी इकडे आली. एका पूजेला तिच्या गळ्यात मोहनमाळ होती. ती मी लग्नातही पाहिली होती, आपलं जुनं सोनं मोडून केली असं बायकोने मला सांगितलं होतं. पूजेहून परत आल्यावर बायको ती डबीत ठेवत होती. मी सहज म्हणालो, "तुझ्या बांगड्यांत एवढी जड झाली?"

तिने डबी बंद केली. मग म्हणाली, "आईंच्या पाटल्या आहेत त्या."

तुझ्याकडे कशा, मी विचारलं.

"त्यांनीच दिल्या. परक्या मुलखात चाललीय, तिच्या गळ्यात घरचं काहीतरी असू दे म्हणाल्या. वन्संना कळलं तर त्या आपल्या मुलीसाठी मागतील, म्हणून कुणाला बोलू नकोस अशी शपथ घातली."

"आणि त्या दिवशी? वहिनींचं कपाट उघडलं तेव्हा?"

"तुम्हीच म्हणालात ना, आईंनी डाग त्यांच्याकडे दिलेत म्हणून. मला वाटलं, पाटल्यांशिवाय आणखीही काही असेल, ते दिलं असेल. मी विचार करत राहिले. मग बोलायची वेळ निघून गेली."

त्याच आठवड्यात मी दिव्याला जायला हवं होतं. गेलो नाही. गेलो असतो तर बहीण म्हणाली असती, सोनं याच्याच घरात गेलं आणि आळ त्या बाईवर घातला. आणि ते खोटंही नव्हतं. मी स्वतःची एक समजूत घालून घेतली, ती अशी की पाटल्या आमच्याकडे आल्या असतील, पण आई डाग म्हणाली होती हे तर खरं ना? म्हणजे दुसरा काही डाग, एखादी पोत, कुड्या, काहीतरी वहिनींकडे नक्की असणार. त्या अगदीच निर्दोष नसतील. या समजुतीवर मी कितीतरी वर्षं झोपलो. नीट झोपलो असं नाही, पण झोपलो. बायको गेली. तिच्या बाराव्याला वहिनी आल्या, दारातून नमस्कार करून गेल्या. तेव्हाही मी गप्प.

तर ती ओळ. मुलीचा रविवारी फोन असतो. मी तिला विचारलं, तिकडच्या हॉस्पिटलात पाटीवर काय लिहितात.

"ओजेत्ती दी वालोरे. दुसरं काय लिहिणार? माझ्या बाळंतपणात नर्स बोलली ते वेगळं. ती म्हणाली, जीव अडकलाय असं काही जवळ असेल तर नवऱ्याकडे देऊन ठेव. मी त्याला केसांची चिमटी दिली. मला काही सुचेनाच." ती हसली. "मराठीत काय म्हणशील बाबा?"

"मौल्यवान वस्तू. पेपरवाले ऐवज म्हणतात, तोही लंपास झाल्यावर. तुझी आजी डाग म्हणायची."

"डाग? डाग म्हणजे सामान ना?"

"सामान नव्हे. दागिना."

"अरे बाबा, सामान. आजीचं सामान. गावाला जाताना नाही का, किती डाग झाले मोज गो, म्हणायची. ट्रंक एक डाग, वळकटी एक डाग, आंब्याची पेटी एक डाग. मी लग्नानंतर निघाले ना, तेव्हा पण बॅगा मोजत होती. म्हणाली, तुझे चार डाग झाले, माझा आपला एकच, बांधून ठेवलाय. मी म्हटलं, तू कुठे निघालीस आजी? तर म्हणते, आहे एक ठिकाण, तिकिटाची वाट बघत्ये."

मी फोन कानाला धरून उभाच होतो.

"बाबा? ऐकू येतंय का?"

मी म्हणालो, येतंय.

माझा डाग थोरलीकडं दिलाय. एकच. बांधून ठेवलेला. लुगडं, गंगा, चंदन. आई मला सोन्याचं काही सांगतच नव्हती. ती निघाली होती, आणि आपलं सामान कुठे आहे ते आपल्या मुलाला सांगत होती. विसरू नका, असं म्हणाली. मी तिला पाणी विचारलं. आणि ते सामान माझ्या डोळ्यांसमोर वहिनींनी आणून सोडलं, तेव्हाही मला दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत. दुसऱ्यांच्या भाषेतली क्रियापदं तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. आईचं एक क्रियापद माझ्या हातून गेलं.

उरलेली सोन्याची समजूतही त्याबरोबर गेली. वहिनींकडे काही नव्हतं. कधीच नव्हतं.

मी संस्थेतल्या मुलीला ओजेत्ती दी वालोरे पाठवून दिलं. तिचं उत्तर आलं, "सर, हेच तर मोबाइल सांगत होता." पुढे हसरा चेहरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिव्याला गेलो. महिन्याभरात बहिणीच्या नातीचं लग्न होतं. पत्रिका छापून आल्या होत्या, आणि या वेळी वहिनींना पत्रिकाही पाठवायची नाही असं बहीण मला सांगून बसली होती. म्हणजे आता नाही तर मग कधीच नाही. वहिनींचं वय माझ्याहून जास्त.

इमारतीला लिफ्ट नाही. जिन्यात प्रत्येक दारासमोर निळी पिंपं. वहिनींनी दार उघडलं, मला बघून जरा थांबल्या, मग बाजूला झाल्या.

"या. चपला आत घ्या, बाहेर राहत नाहीत. आणि पाणी आलं तर मी उठणार, आधीच सांगते. आज यायची पाळी आहे."

मी बसलो. त्यांनी चहा टाकला. मी वाटेत सगळं मनात लावून ठेवलं होतं, आधी हे, मग ते. प्रत्यक्षात मी मधूनच सुरुवात केली. म्हणालो, "वहिनी, आई दिलेत म्हणाली नव्हती. दिलाय म्हणाली होती."

त्या चहा गाळायच्या थांबल्या.

मग मी सगळं सांगितलं. मुलीचा फोन, बॅगा, बोचकं. पाटल्यांची मोहनमाळ झाली तेही सांगितलं, आणि ते मला कधीपासून माहीत आहे तेही. तो भाग मी घाईने सांगितला. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "एवढी वर्षं तुम्हाला मराठी येत नव्हती होय, भावोजी?"

मी मान खाली घातली.

"वर बघा. मी चेष्टा करत नाहीये. तो डाग आईंनी माझ्यासमोर बांधला. लुगड्याच्या घड्या मी घातल्या. तुम्ही तिथे बोललात ना, तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, आई नक्की काय म्हणाल्या. मला वाटलं तुमच्या लक्षात येईल."

"तुम्ही का नाही सांगितलंत? पाटल्यांचं तरी?"

"पाटल्या तुमच्या बायकोच्या पर्समध्ये जाताना मी बघितल्या होत्या. मला काय दिसत नाही?" त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "सांगून काय झालं असतं? तुम्ही आईंचा शेवटचा निरोप सांगून बसला होतात. त्याच्यावर मी, चोर ठरलेली बाई, दुसऱ्या जावेचं नाव घेणार. कुणी ऐकलं असतं? तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं. मी तसं म्हणालोही.

"मग चहा प्या. आणि फोन लावा ठाण्याला. स्पीकरवर ठेवा. मला फक्त ऐकायचंय, मी बोलणार नाही."

मला वाटलं होतं, बहिणीला मी सावकाश, घरी जाऊन सांगेन. तसं बोलायला गेलो तर त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी गेलात की तुमचं वाक्य बदलतं." मी फोन लावला.

बहिणीने सगळं ऐकलं. मागे कोणीतरी मिक्सर चालवत होतं, तो तिने बंद करायला लावला. मग म्हणाली, "दादा, हे तू आत्ता का सांगतोयस?"

"डागाचं मला परवा कळलं."

"आणि पाटल्यांचं कधी कळलं?"

वहिनी चहाच्या कपाकडे बघत होत्या.

"आई गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात."

मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, "मी तिचं कपाट उघडलं होतं रे." आणि लगेच पुढे, "ती आहे का तिथे?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी म्हणालो, "आहेत, पण बोलणार नाही म्हणतात."

"बरोबर आहे तिचं," बहीण म्हणाली. "पत्रिका घेऊन मी स्वतः येते. तिला विचार, कधी येऊ."

वहिनी अजूनही कपाकडेच बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाण्याच्या दिवशी नको म्हणावं." मी ते तसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं, सांगून झालं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. वहिनींनी मला माफ केलं असंही त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

तेवढ्यात मोरीत नळ खकारला. वहिनी उठल्या. मीही उठलो. त्यांनी मला एक पातेलं दिलं, "उभे राहणार तर हे भरा." बादल्या, पिंप, कळशी, आम्ही दोघं म्हातारे भरत होतो. धार बारीक होती. मधूनच थांबायची, परत यायची.

पिंप भरलं तेव्हा वहिनींनी पदराला हात पुसले आणि वर बोट दाखवलं. मोरीच्या वरच्या फळीवर, डालडाच्या जुन्या डब्यांमागे, फुलाफुलांच्या कापडात बांधलेलं एक बोचकं होतं.

"हा माझा डाग," त्या म्हणाल्या. "शेजारीण चांगली आहे हो, पण ती गोरखपूरची. तिला लुगडं कसं नेसवतात ते काय कळणार. कुणाला तरी सांगून ठेवायचं होतं. आता तुम्ही आलाच आहात तर नीट ऐका."

मी म्हणालो, ऐकतोय.

"मग म्हणून दाखवा."

मी म्हणालो, "वहिनींनी त्यांचा डाग फळीवर ठेवलाय."

"कुठल्या फळीवर?"

"मोरीच्या."

"मोरीच्या वरच्या. खाली फिनेलची बाटली आहे, ती द्याल नाहीतर. परत म्हणा."

मी परत म्हणालो. नळाची धार गेली होती. त्यांनी तोटी तशीच उघडी ठेवली होती, पाणी पुन्हा आलं तर कळावं म्हणून, आणि मी म्हणत असताना त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, बालवाडीतल्या पोराकडे बघावं तसं, शेवटचा शब्द येईपर्यंत.